बारा ते दोनचा पहारा

दादा,

परवा तुझी तेरवी झाली. शेवटची पंगत उठायच्या आतच काशीराम बुवांनी मला मंडपाच्या कडेला नेलं आणि म्हणाले, "भाऊ, चैत्रातल्या सप्त्यात बारा ते दोनचा पहारा आता तुम्ही घ्या. अकरा वर्षं तुमच्या दादाचा होता, घरातच राहू द्या. आन् खरं सांगू का, त्या वीणेवर हक्क तुमचाच आहे. तुम्ही होते म्हनून ती वाचली."

मी म्हटलं, दोन दिवसांत सांगतो. चैत्राला अजून सहा महिने आहेत, पण बुवांना उत्तर आत्ता हवं आहे, आणि आपल्या गावात नाही म्हणायला कारण द्यावं लागतं. माझ्याकडे कारण आहे. ते तुला सोडून दुसऱ्या कोणाला सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून चिखलीच्या माझ्या मेडिकलमध्ये, काउंटरवर, औषधांच्या जुन्या यादीच्या कोऱ्या पाठीवर हे लिहितो आहे. गिऱ्हाईक आलं की थांबतो, गेलं की पुढे लिहितो. बाहेर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागली आहे. धूळ इतकी आहे की सकाळपासून काच तीनदा पुसली.

गावचा नियम तू मला इतक्यांदा ऐकवलास की माझ्यासारख्या नास्तिकालाही पाठ झाला. सप्ता बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे, गळ्यात वीणा, तोंडात नाम, आणि उभं राहायचं. मधे दुसरा शब्द बोलायचा नाही. पहारा बदलताना घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि देणारा घेणाऱ्याच्या, वय बघायचं नाही. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या पहाऱ्यांसाठी लोक एकमेकांशी अबोला धरतात. बारा ते दोन कोणी मागत नाही. डोक्यावर टिनाचे पत्रे, चैत्राचं ऊन, आणि ऐकायला कोण, तर खांबाला टेकून पेंगणाऱ्या दोन म्हाताऱ्या.

वहिनी गेल्यावर तू वर्षभर ओसरीत बसून होतास. रडत नव्हतास, त्याचीच मला जास्त भीती वाटायची. दाढी नाही, आंघोळ नाही. ताट पुढे ठेवलं तर दोन घास खायचे, उचलून नेलं तर नेऊ द्यायचं. तुझी सून मीना मला फोन करायची, "काकाजी, मामाजी आजही काही बोलले नाही." शेवटी मी तुला बुलढाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, काय होतं बाबा तुम्हाला? तू म्हणालास, "काही होत नाही. तेच त होऊन राह्यलं." डॉक्टरांनी चष्मा काढून तुझ्याकडे नीट पाहिलं आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या मी माझ्या हातानं दिल्या आणि मीनाला वेळा कागदावर लिहून दिल्या.

तीन आठवड्यांनी सप्ता बसला. दुपारचा वीणेकरी लेकीकडे परभणीला गेलेला. बुवा थेट ओसरीत आले आणि इकडचं तिकडचं काही न विचारता म्हणाले, "नामदेवराव, उठा. बारा वाजून राह्यले." तू उठलास, अंगावर पाणी घेतलंस आणि गेलास. वर्षभर मी, मीना, तुझा मुलगा, अर्धं गाव तुझ्या मागे लागलं होतं, आणि उठलास ते बुवांच्या एका वाक्यावर. मी नंतर चिडून विचारलं, काऊन? तू म्हणालास, "मले कोनी उठ म्हटलंच नव्हतं न बे. सारे म्हनत होते, बरं वाटते का."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अकरा वर्षं चाललं. तू बरा झालास यावर दोघांचंही एकमत होतं. कशानं, यावर नव्हतं. माझं म्हणणं साधं होतं. ती गोळी पोटात गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी काम करते, आणि सप्ता नेमका तेव्हाच आला. आयत्या बिळावर वीणा. तू म्हणायचास, गोळीनं डोळे उघडले असतील, पण पाहायला काहीतरी लागते. मग मी म्हणायचो, तुझ्या वीणेत देव कमी आणि वेळापत्रक जास्त आहे. रोज ठरल्या वेळी उठायचं, अंघोळ करायची, चार माणसांत जायचं, कोणीतरी आपली वाट पाहतंय एवढं कळलं की माणूस उभा राहतो. त्यावर तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "मंग तुह्या दुकानातून एक पाकीट दे न वेळापत्रकाचं. जेवनाच्या आधी घ्याचं का नंतर?"

डॉक्टरांनी दीड वर्षानं गोळ्या बंद केल्या. वीणा तू सोडली नाहीस. सप्त्याचे सात दिवस सोडले तर बाकी वर्षभर ती देवळात खुंटीला असायची, पण तू रोज बाराला हातातलं काम टाकून जायचास. तिच्यावरची धूळ फडक्यानं पुसायचास, पंधरा मिनिटं डोळे मिटून बसायचास आणि परत वावरात. मी एकदा विचारलं, त्या पंधरा मिनिटांत करतोस काय? "काही नाही. तेवढा वेळ मी माह्या मांगं लागत नाही."

हे तुझं उत्तर मला तेव्हा पटलं नाही. आता थोडं पटतं, पण ते पुढे येईल.

बाजाराच्या दिवशी तू चिखलीला यायचास आणि माझ्या काउंटरपाशी स्टुलावर बसायचास. मला ते आवडायचं आणि वैतागही यायचा. मी गिऱ्हाइकाला सांगायचो, ही सकाळी, ही रात्री. तू मागून जोड द्यायचास, "जेवून घेजो. आन् जेवताना कोनावर चिडू नको." बायाबापड्या तुझ्याकडे वळून बघायच्या आणि माझं सांगणं विसरून जायच्या. मग तू आला नाहीस की विचारायच्या, ते बाबा कुठी आहेत? पण तू कोणाला अंगारे-धुपारे दिले नाहीस, हेही लिहायला हवं. शेजारच्या शांताबाईला घरचे ताप उतरावा म्हणून पोथी वाचायला बसवत होते, तेव्हा तिला तूच मोटारसायकलवर मागे बसवून डॉक्टरकडे आणलंस. तिच्या नवऱ्याला माझ्यादेखत म्हणालास, "देवाले काय तुह्या घरचा कंपाउंडर समजतं काय बे?" त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. बोललो नाही. भांडणात आपली बाजू पडेल असं वाटलं.

आता त्या दुपारचं.

यंदाच्या सप्त्याचा पाचवा दिवस होता. सात दिवस तू एकभुक्त राहायचास, जेवण संध्याकाळी. वयाला सत्तरी उलटलेली, बीपीची गोळी चालू. आदल्या दिवशी मी मोजलं तेव्हा बीपी फार खाली आलं होतं. मी बजावलं, उद्या गोळी घेऊ नकोस, उभाही राहू नकोस, नाहीतर जेवून उभा राहा. तू मान हलवलीस. तुझी मान हलली म्हणजे काय हे मला साठ वर्षं माहीत आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून, बीपीचं यंत्र डिक्कीत टाकून बाराच्या सुमाराला गावात आलो. मीना म्हणाली, गोळी घेतली, जेवले नाही, गेले.

तू मंडपात उभा होतास. गोदाकाकू आणि आणखी एक म्हातारी खांबाशी. तुला बोलता येत नव्हतं, आणि दादा, मी त्याचा फायदा घेतला. अकरा वर्षं साठवलेलं सगळं बोलून घेतलं. म्हणालो, "हे लाकूड आहे दादा. भोपळा आन् तारा. खाली ठेवलं त काही होत नाही. आभाळ फाटत नाही. ठेव आन् बस." तू नामाचा आवाज वाढवलास. मीही वाढवला. "तुले काही झालं त हा तुहा देव येईन का उचलाले?"

मग तुझा आवाज मधेच तुटला. चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला, आणि गुडघे वाकायला लागले. मला हे सगळं दिसत होतं, कारण असं दिसलं की काय करायचं हे मी लोकांना रोज सांगतो. तू दोन्ही हातांनी वीणा गळ्यातून काढलीस आणि माझ्यापुढे केलीस.

मी वीणा घेतली. तू पडलास.

एवढंच असतं तर मी स्वतःला समजावलं असतं. कोणी काही पुढे केलं की हात आपोआप जातात. पण खरं पुढेच आहे. तू खाली पडला होतास, एक पाय वेडावाकडा झालेला, तोंडातून आवाज निघत नव्हता, आणि मी वीणा छातीशी धरून उभा होतो. खाली फरशी होती, बाजूला सतरंजी होती. ठेवायला किती वेळ लागतो? नुकतंच तर मी सांगत होतो की ठेवलं तर काही होत नाही. माझ्यानं ठेववलं नाही. मी ओरडलो, "कोनी वीणा घ्या हो! वीणा घ्या!" माझा भाऊ पडला असं नाही ओरडलो.

गोदाकाकूचे गुडघे धरलेले. खांबाचा आधार घेत ती उठली, एकेक पाऊल टाकत आली. आली ती आधी माझ्या पाया पडली. आणि मी, हातात वीणा सांभाळत, वाकून तिच्या पाया पडलो. तू शेजारी जमिनीवर होतास. मग वीणा तिच्या गळ्यात गेली आणि माझे हात मोकळे झाले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. बुलढाण्याला ऑपरेशन चांगलं झालं. महिन्याभरानं तू वॉकर धरून खाटेपासून दारापर्यंत जायला लागलास. आणि जो भेटायला येईल त्याला सांगायला लागलास, "माह्या भावानं वीणा पडू देली नाही." डोळे चमकायचे तुझे. ऑपरेशनबद्दल विचारलं तर दोन शब्द, आणि वीणेबद्दल विचारायच्या आधीच सुरुवात. गोष्ट पार साखरखेर्ड्यापर्यंत गेली. अनोळखी माणसं माझ्या दुकानात यायची, खोकल्याचं औषध घ्यायची आणि जाताना काउंटरवरून हात लांबवून माझे पाय शोधायची. मी पाय मागे ओढायचो, आणि त्यांना वाटायचं हा किती विनम्र आहे.

मी वाट पाहत होतो की तू एकदा तरी शिव्या देशील. माझी झोप उडाली होती. माझ्याच कपाटातली गोळी मी स्वतःच्या नावावर डॉक्टरांकडून लिहून घेतली, आणि तीही पुरेना. तू मात्र मोडक्या खुब्यानं घोरत होतास. ज्याचं हाड मोडलं तो शांत आणि ज्याचं धड आहे तो खंगतोय, हे मीनाच्याही लक्षात आलं. श्रावणात एका दुपारी मी धीर करून म्हणालो, "दादा, मले तुले धराले पाहिजे होतं."

तू म्हणालास, "मले धरलं असतं त वीणा पडली असती. मंग मी दोन पायावर चाललो असतो, पन मनात लंगडलो असतो." मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, हा मला बरं वाटावं म्हणून बोलतो आहे, त्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या तसं. अजूनही ठरवता येत नाही. तू खोटं बोलायचास, पण फक्त प्रेमानं, त्यामुळे पकडता यायचं नाही.

मी म्हणालो, "मी ते खाली ठेवू शकलो नाही. काऊन ठेवू शकलो नाही, हे सांग. मी त मानत नाही काही."

"मानत नसशीन," तू म्हणालास. "मले काय माहीत. मी त पडलो होतो."

आणि हसायला लागलास, इतका की खुबा दुखला. मी चिडून उठून गेलो. चार दिवस आलो नाही. त्या चार दिवसांचं मला आता वाईट वाटतं.

आत्ता मधे एक बाई येऊन गेली. विचारत होती, स्टुलावरचे बाबा दिसत नाहीत. सांगितलं. ती दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ बसली आणि काही न घेता निघून गेली.

पोळा होऊन गेल्यावरची गोष्ट कोणालाच माहीत नाही. मीना वावरात गेली होती, घरात आपण दोघंच. तू म्हणालास, चालव मले. तू वॉकर धरून उभा राहिलास, मी समोर उलट्या पावलांनी चालत होतो. दाराच्या दोन हात अलीकडे तू थांबलास. माझ्याकडे पाहिलंस. आणि बोटं उघडलीस. मी औषधवाला आहे, कमजोरीनं सुटलेला हात आणि मुद्दाम सोडलेला हात मला वेगळे ओळखता येतात. तू वॉकर बाजूला ढकललास आणि पुढे झुकलास.

मी धरलं. दोन्ही काखांत हात घालून, छातीशी घट्ट. मला वाटलं होतं त्यापेक्षा तू खूपच हलका होतास. मी ओरडलो, "येडा झाला काय? दुसरा खुबा मोडला असता!" तुझं तोंड माझ्या कानाशी होतं. तू म्हणालास, "नसता मोडला. तुह्ये हात रिकामे होते." मग जरा दम खाऊन म्हणालास, "झालं न बे? आता झोपत जाय."

मी रडलो, दादा. एकसष्टाव्या वर्षी ओसरीत उभा राहून, तुला धरून, लहान पोरासारखा रडलो. तू पाठीवर थापट्या मारत राहिलास आणि म्हणालास, "बसव आता, पाय दुखून राह्यला."

त्या दिवसापासून मी गोळी सोडली आणि झोप परत आली. कशानं आली, यावर तू असतास तर आपण वर्षभर भांडलो असतो. गोळीनं आली नाही, एवढं मी लेखी देतो. बाकी मी काहीही मान्य करत नाही. पुढच्या आठवड्यात तुझ्या छातीत कफ भरला, दवाखान्यात तीन दिवस, आणि संपलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तू वीणेची गोष्ट शंभरदा सांगितलीस. ही दुसरी एकदाही सांगितली नाहीस. ती सांगितली असती तर लोकांना कळलं असतं की मला तिची गरज होती. हे तू लपवलंस, त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. ते आता मानतो.

हे एवढं लिहून झालं आणि बुवांना फोन लावला. म्हणालो, वीणा मी घेणार नाही. ती गोदाकाकूला द्या, तिनं त्या दिवशी दोनपर्यंत सांभाळली होती. मी येईन, बारा ते दोन सातही दिवस येईन, पण वीणेकऱ्याच्या बाजूला नुसता उभा राहीन. हातात काही घेणार नाही. टाळसुद्धा नाही.

बुवा गोंधळले. "असा पहारा कुठी असतो का भाऊ? काऊन पन?"

मी म्हटलं, "दादा पडला तेव्हा तिथं असं कोनी नव्हतं."

"असं कसं?" बुवा म्हणाले. "तुम्ही होते न."

"नाही," मी म्हणालो. "मी वीणा धरून होतो."